भंगाराच्या भावात सातवाहन

आधीच सांगून टाकतो, हा लेख चिडून लिहिलेला आहे. ज्यांना शनिवारी सकाळी चहाबरोबर काहीतरी हलकंफुलकं वाचायचंय, त्यांनी मागच्या आठवड्याचा मिसळीवरचा लेख पुन्हा वाचावा. तो बरा जमला होता.

तर मंडळी, नाशिकहून त्र्यंबकेश्वरला जाताना वाटेत अंजनेरी लागतं. लोक तिथे डोंगर चढायला जातात. मी गेलो होतो पायथ्याशीच, नाणी बघायला. तिथे 'इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ रिसर्च इन न्यूमिस्मॅटिक स्टडीज' असं भलंमोठं नाव असलेली संस्था आहे. १९८० मध्ये सुरू झाली, आणि परमेश्वरीलाल गुप्त यांच्यासारखा नाण्यांतला दादा माणूस तिचा पहिला संचालक होता. तिथल्या संग्रहालयात नाणी आहेत, प्रतिकृती आहेत, साचे आणि ठसे आहेत, फोटो आहेत. आहत नाण्यांपासून सुरुवात करून फिरत गेलं की अडीच हजार वर्षांचा पैसा डोळ्यांसमोरून जातो.

माझ्या खिशात त्या दिवशी एक प्लॅस्टिकची पिशवी होती आणि तिच्यात तीन नाणी. ती कुठून आली ते सांगतो, पण त्याआधी थोडं घरचं.

मी जालन्याचा. पुण्यात पंधरा वर्षं कोड लिहितोय, पण अजूनही कोणी 'गाव कुठलं?' विचारलं की जालनाच तोंडात येतं. माझ्या आजीचं माहेर देऊळगाव राजाकडचं. नकाशात बघा, जालन्याहून तीसेक किलोमीटर. आता तो बुलढाणा जिल्हा. पण आजीच्या लग्नाच्या वेळी, म्हणजे १९४० च्या आसपास, हे तीस किलोमीटर म्हणजे दोन राज्यांमधली हद्द होती. पलीकडे वऱ्हाड, तिथे इंग्रजांचा रुपया. अलीकडे निजामाचं हैदराबाद संस्थान, त्याचा स्वतःचा रुपया, स्वतःचा करोडगिरीचा नाका. इंग्रजांच्या रुपयाला आमच्याकडे 'कलदार' म्हणायचे, कळीवर म्हणजे यंत्रावर पाडलेला म्हणून. निजामाचा तो 'हाली'. आजीचं माहेर कलदारचं आणि सासर हालीचं.

तिच्या डब्यात शेवटपर्यंत दोन्ही होते. हालीवर चारमिनार आणि त्याच्या कमानीत उस्मान अलीचा 'ऐन' हे अक्षर. आम्ही मुलं त्याला किल्ली म्हणायचो. आजी शाळेत गेली नव्हती, पण 'सात हालीचे सहा कलदार' हा दर तिला झोपेतून उठवून विचारला तरी यायचा. माहेरून भावाने पाच कलदार दिले तर सासरी त्याचे किती होतात आणि त्यातून सासूला किती सांगायचे, हा हिशोब तिचा पक्का.

बऱ्याच वर्षांनी मी हा दर तपासून पाहिला. (इंजिनिअर माणूस, दुसरं काय करणार.) कलदार रुपया ११.६६ ग्रॅमचा, त्यात बारा भागांत अकरा भाग चांदी. म्हणजे १०.६९ ग्रॅम. हाली रुपया सुमारे ११.१८ ग्रॅमचा, चांदी ८१.८ टक्के. म्हणजे ९.१४ ग्रॅम. भागाकार करा: ०.८५५. आणि सहा भागिले सात? ०.८५७. मी खुर्चीतून उठलोच. आजीचा दर चांदीच्या वजनाला चिकटून होता!

पण गंमत पुढे आहे. १९४० मध्ये इंग्रजांनी रुपयातली चांदी निम्म्यावर आणली. १९४७ पर्यंत तर रुपया निकेलचा झाला, चांदी शून्य. हालीतली चांदीही युद्धकाळात उतरली. दर मात्र साताला सहाच राहिला. आजीला काही कळलंसुद्धा नाही, आणि कळायची गरजही नव्हती. नाणं चालतं ते सगळ्यांनी ते चालतं असं मानलेलं असतं म्हणून. आत काय धातू आहे हा प्रश्न नंतरचा.

ही काही विसाव्या शतकातली शहाणपणाची गोष्ट नाही. नाशिकच्या पांडवलेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने तीन हजार कार्षापण विणकरांच्या श्रेणींकडे कायमचे ठेवले: दोन हजार दरमहा शेकडा एक व्याजाने, एक हजार दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याजातून भिक्षूंचा खर्च. चक्क फिक्स डिपॉझिट! त्याच लेखात पस्तीस कार्षापणांचा एक सुवर्ण असा दरही कोरलाय. पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पाडाव केला, आणि नहपानाच्या चांदीच्या नाण्यांवर आपला ठसा पुन्हा मारून तीच चालवली. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगलटेंभीला तेरा हजारांहून जास्त नाणी सापडली, त्यातली नऊ हजारांहून जास्त अशी ओव्हरराइट केलेली. चांदी तीच, वजन तेच. बदललं काय? तर कोणाच्या नावाने चालायचं ते. नहपान आणि गौतमीपुत्र एकाच काळातले होते की नाही, या वादात एवढा भक्कम पुरावा दुसरा नव्हता. आणि तो भक्कम का, तर ती नाणी एका ठिकाणी, एकत्र सापडली आणि तज्ज्ञांच्या हातात पडून मोजली गेली म्हणून.

आता माझ्या खिशातल्या पिशवीकडे येतो.

आजीच्या भावाचा मुलगा, म्हणजे माझ्या वडिलांचा मामेभाऊ. आम्ही त्यांना बापूकाका म्हणतो. दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात त्यांनी शेतात विहीर खोल करायला घेतली. जेसीबीच्या दातात एक मडकं आलं. फुटलं. आत काळीहिरवी चकत्यांसारखी नाणी, एकमेकांना चिकटलेली. सगळ्यांना आधी वाटलं, सोनं. घासून पाहिलं, सोनं नाही. चांदी? चांदी पण नाही. जेसीबीवाल्याने मूठभर घेतली, पोरांनी खेळायला घेतली, आणि उरलेली चार किलो भरली. ती काकांनी बाजाराच्या दिवशी जालन्याला आणली.

जालन्याचं काय सांगायचं! जालना म्हणजे सोन्याचा पाळणा असं जुनं लोक म्हणतात, पण आजचं जालना भंगारावर चालतं. देशभरातून लोखंडाचं भंगार येतं, भट्ट्यांमध्ये वितळतं आणि सळई होऊन बाहेर पडतं. तुमच्या हिंजवडीच्या टॉवरमध्येसुद्धा जालन्याची सळई असेल. भंगाराचा धंदा हा आमच्याकडे मानाचा धंदा आहे. भंगारवाल्याने नाणी हातात घेतली, एक दगडावर आपटली, 'मिक्स माल आहे' म्हणाला आणि किलोला साडेतीनशेने घेतली. चौदाशे रुपये. काकांनी त्याचं पाइप आणि सॉकेट घेतलं.

मला हे कळलं तीन महिन्यांनी, एका लग्नात, पंगतीला बसल्यावर. 'अरे तुला अशा गोष्टींचा नाद आहे ना? तीन राहिलीत बघ पोराच्या कंपासपेटीत.' माझा घास घशातच राहिला.

ती तीन नाणी मी नाण्यांतल्या एका जाणकार मित्राला दाखवली. एका बाजूला सोंड वर केलेला हत्ती. दुसऱ्या बाजूला चार वर्तुळं एका फुलीने जोडलेली, ज्याला उज्जैन चिन्ह म्हणतात. धातू पोटीन, म्हणजे तांबं आणि कथलाचं मिश्रण. सातवाहन. हत्तीच्या भोवती ब्राह्मीत राजाचं नाव असतं, पण ठसा नाण्यापेक्षा मोठा असल्यामुळे नाव अर्धंच उमटतं. आमच्या एका नाण्यावर सुरुवातीचं 'रञो' दिसतंय, दुसऱ्यावर शेवटची दोन अक्षरं. तिसरं गुळगुळीत. मित्र म्हणाला, अशी शंभर नाणी शेजारीशेजारी ठेवली की याच्यावरचा तुकडा आणि त्याच्यावरचा तुकडा जोडून पूर्ण नाव वाचता येतं. 'बाकीची कुठायत?'

बाकीची कुठायत! सॉकेटमध्ये.

यात काय गेलं ते नीट कळावं म्हणून एक जुनी गोष्ट. १९३९ मध्ये मंगरूळपीर तालुक्यातल्या तऱ्हाळा गावात, तेव्हाच्या अकोला आणि आताच्या वाशीम जिल्ह्यात, दीड हजारांहून जास्त सातवाहन नाणी सापडली. सगळी पोटीनची. म्हणजे भंगारवाल्याच्या भाषेत 'मिक्स माल'. ती विद्वानांपर्यंत पोचली आणि महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी ती वाचली. त्यात कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी, शक सातकर्णी अशी नावं निघाली, जी पुराणांतल्या राजांच्या यादीत नाहीत. राजे! ज्यांनी राज्य केलं, कर घेतला, नाणी पाडली, आणि ज्यांची आठवण फक्त या किलोवर विकण्याच्या लायकीच्या चकत्यांनी ठेवली. तऱ्हाळ्याच्या त्या माणसाने मडकं जालन्याला आणून विकलं असतं तर हे तिघे झालेच नव्हते असं आपण आज म्हटलं असतं.

आता तुमच्यातले अर्धे मनात म्हणत असतील, 'खेडेगावातली अडाणी माणसं, दुसरं काय होणार.' मीसुद्धा लग्नात तेच म्हणालो. काकांना म्हणालो, 'काका, कायदा आहे. तहसीलला कळवायचं असतं.' काका शांतपणे म्हणाले, 'कळवलं असतं तर काय मिळालं असतं?'

मी पुण्याला आल्यावर रात्री जागून तो कायदा वाचून काढला. मूळ इंग्रजी, पानं थोडी, कोणीही वाचू शकतो. भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८. हो, १८७८. लॉर्ड लिटनच्या काळातला. त्याच वर्षी त्याने देशी वर्तमानपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदा आणला होता. तो रिपनने चार वर्षांत रद्द केला. हा अजून आहे.

कायदा म्हणतो, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं गुप्तधन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवा. दहा रुपये! १८७८ मध्ये दहा रुपये म्हणजे दहा तोळ्यांच्या आसपास चांदीची नाणी. आज दहा रुपयांत वडापाव येत नाही. कोणीतरी कोडमध्ये आकडा हार्डकोड करून ठेवला आणि जवळपास दीडशे वर्षांत एकाही माणसाने तो उघडून बघितला नाही. माझ्या ज्युनिअरने असं केलं असतं तर मी त्याला कोपऱ्यात घेतलं असतं. पैशाची किंमत काळाबरोबर बदलते हे ज्या कायद्याला माहीत नाही, त्याच्या हातात आपण पैशाचा इतिहास दिलाय.

पण हे विनोदी आहे. खरं दुखणं पुढे. कळवल्यावर ते धन सरकारी तिजोरीत जमा करा किंवा जामीन द्या. मग जाहीर नोटीस निघते. चौकशीची तारीख त्या नोटिशीनंतर चार महिन्यांच्या आत नाही आणि सहा महिन्यांच्या नंतर नाही. आणि सरकारला ते धन हवं असेल तर किंमत काय द्यायची? नीट वाचा: त्यातल्या धातूची किंमत, अधिक त्या किमतीचा पाचवा हिस्सा. बस्स. कळवलं नाही तर? एक वर्षापर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही.

चला, हिशोब करू. चार किलो, साडेतीनशेने चौदाशे. त्याचा पाचवा हिस्सा दोनशे ऐंशी. एकूण सोळाशे ऐंशी रुपये. म्हणजे बापूकाकांनी कायदा पाळला असता तर त्यांना भंगारवाल्यापेक्षा दोनशे ऐंशी रुपये जास्त मिळाले असते, तेही सरकारने ती नाणी घ्यायची ठरवली तर. आणि त्या दोनशे ऐंशीसाठी: तहसीलच्या चकरा, पंचनामा, शेतात पोलीस, 'सोनं कुठे लपवलं?' हा गावभरचा प्रश्न, विहिरीचं काम उन्हाळाभर बंद, आणि पाऊस आला की विहीर गेली. विहीर एका उन्हाळ्यात खोल झाली नाही तर त्या वर्षी मोसंबी जळते. अडाणी कोण आहे सांगा मला. काकांनी अचूक हिशोब केला होता. चुकीचा हिशोब कायद्याचा आहे.

कारण तो कायदा असं धरून चालतो की नाणं म्हणजे धातू. सोन्याचं नाणं असेल तर निदान धातूची तरी किंमत. शिसं, तांबं, पोटीन असेल तर मातीमोल. आणि सातवाहनांचं नाणं म्हणजे बहुतांशी शिसं, तांबं आणि पोटीनच! ज्यांच्या राज्यात आपला महाराष्ट्र पहिल्यांदा व्यापाराने जगाला जोडला गेला, त्यांचा पैसाच या कायद्याच्या तराजूत शून्य भरतो. आमच्याच जिल्ह्यातलं भोकरदन घ्या. जुनं नाव भोगवर्धन. तिथल्या लोकांनी दिलेल्या देणग्या सांची आणि भारहुतच्या शिलालेखांत आहेत. १९७३ मध्ये नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी तिथे खणलं तेव्हा हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली, तिचं साम्य थेट इटलीतल्या पाँपेईला सापडलेल्या मूर्तीशी. पाँपेई इसवी सन ७९ मध्ये राखेखाली गेलं. म्हणजे भोकरदन-पैठणच्या या पट्ट्यातला माल रोमपर्यंत जायचा, आणि तो पिकवणारे, विणणारे, कोरणारे लोक रोजच्या बाजारात मीठमिरची घ्यायला हीच हत्तीछापाची चिल्लर वापरायचे. राजाचा इतिहास सोन्याचांदीत असेल. माझ्या पणजोबांच्या पणजोबांचा इतिहास या चिल्लरमध्ये आहे.

आता यावर मला ऑफिसात जेवताना काय काय ऐकायला मिळालं ते सांगतो.

पहिलं: 'बाजारभाव दिला तर लोक शेतं खणत सुटतील.' अहो, खणतातच! गुप्तधनासाठी पायाळू माणूस शोधणारे, अमावस्येला लिंबू-नारळ घेऊन पडक्या गढीवर जाणारे लोक तुम्हाला कोणत्याही तालुक्यात भेटतील. गुप्तधनाच्या नावावर इतके अघोरी प्रकार झाले की २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात ते घ्यावे लागले. या लोकांना सोनं हवंय. विहिरीत मडकं लागलेला शेतकरी वेगळा. त्याने काही शोधलेलं नाही, त्याला अडचण झालीय.

दुसरं: 'सरकारकडे कुठे पैसा आहे?' असं पोटीनचं नाणं बाजारात काही शे रुपयांना जातं. अख्ख्या मडक्याचे जे होतील, तेवढ्यात आपल्या महापालिकेचा एक चौकसुद्धा सुशोभित होत नाही.

तिसरा मुद्दा नाही, टोमणा होता, आणि तो बरोबर लागला. 'तू तरी कळवलंस का?' नाही कळवलं. काकांना जेलचा धाक दाखवून माझी अक्कल सिद्ध करायची हिंमत झाली नाही. तीन नाणी, पंधरा ग्रॅम, भंगाराच्या भावाने सव्वापाच रुपये. निदान धातूच्या हिशोबाने मी दहा रुपयांच्या आत आहे. :-)

सगळ्यात चीड आणणारी गोष्ट अशी की ज्यांनी हा कायदा आपल्यासाठी लिहिला त्यांनी स्वतःचा कधीच बदलला. इंग्लंडमध्ये १९९६ साली ट्रेझर ॲक्ट आला. संग्रहालयाला वस्तू हवी असेल तर बाजारभावाने किंमत ठरते आणि ती सापडणारा आणि जमीनमालक यांच्यात वाटली जाते. जे कायद्याने 'ट्रेझर' नाही, ते माणूस आपणहून नोंदवतो: फोटो, वजन, नेमकी जागा. नोंद होते आणि वस्तू त्याला परत. अशा दहा लाखांहून जास्त नोंदी तिकडे झाल्यात. तिथले शेतकरी काही संत नाहीत. कळवण्यात तोटा नाही, एवढंच.

आपल्याला यातलं निम्मं केलं तरी पुरे आहे. धातूची किंमत हे शब्द काढा, जाणकारांनी ठरवलेली किंमत घाला. चार महिन्यांची नोटीस सोन्याच्या हंड्याला ठेवा, चिल्लरच्या मडक्याला नको. आणि तलाठ्याकडे मोबाइल आहेच, सातबारा त्यावर दिसतो, पीकपाहणी त्यावर होते. त्यात एक फोटो आणि गट नंबर टाकायची सोय करा. नाणी मग शेतकऱ्याकडे राहिली तरी चालतील. अंजनेरीला भिंतीवरचे फोटो आणि ठसे बघताना मला हेच वाटत होतं, की नाणं हातात असणं ही चैन आहे, नोंद असणं ही गरज आहे.

आणि एक शेवटचं, तुमच्यासाठी, कारण तुमच्यातले बरेच जण नाणी 'कलेक्ट' करतात. इंटरनेटवर 'सातवाहन, हत्ती, ओरिजिनल' म्हणून घेतलेलं जे नाणं तुमच्या अल्बममध्ये आहे, ते कुठल्या तरी मडक्यातून सुटून आलेलं आहे. विकणाऱ्याला एकदा विचारा, कुठल्या गावचं? तो हसेल. (ट्रॅक्टरवाल्या पाच रुपयांच्या नोटेचे लाखो मिळतात, हा मेसेज पाठवणाऱ्यांशी मी बोलतच नाही. २०२१ मध्ये खुद्द रिझर्व्ह बँकेला लोकांना सावध करावं लागलं होतं.)

असो. परवा बापूकाकांचा फोन आला. या उन्हाळ्यात विहिरीला आडवे बोअर मारायचेत. म्हणाले, 'काही निघालंच परत, तर काय करू सांगून ठेव.'

मी म्हटलं, 'हात लावू नका. आधी फोटो काढा, मडक्यासकट. किती फुटांवर लागलं ते लिहून ठेवा. आणि मला फोन करा, भंगारवाल्याला नको.'

'बरं,' काका म्हणाले. 'आणि तू मीटिंगमध्ये असलास तर?'